सुईदोऱ्यातील सोलापूर : घरगुती भरतकामाचा एक मागोवा

सोलापूरच्या इतिहासात वस्त्राचा धागा अखंड आहे, असे आपण अभिमानाने सांगतो. 1877 साली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी येथे उभी राहिली. पुढे नव्या गिरण्या आल्यावर लोक तिला 'जुनी मिल' म्हणू लागले. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी येथे हातमाग आणले, त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी यंत्रमाग चालविले आणि कालांतराने सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकनही मिळाले. गिरण्या, माग, पेढ्या, संप, मालक आणि कामगार या सर्वांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते योग्यच झाले. परंतु याच शहरात, नवी पेठेतील आणि चाटी गल्लीतील घरांच्या माड्यांवर, दुपारची झाकपाक झाल्यानंतर दिवेलागणीपर्यंत कापडावर जे काम होत असे, त्याची नोंद कोणत्याही वहीत आढळत नाही. ते काम विकले गेले नाही, म्हणून हिशेबात आले नाही. त्याची मजुरी कोणी घेतली नाही, म्हणून अहवालात आले नाही. त्याला 'छंद' असे नाव मिळाले, आणि छंदालाही इतिहास असतो हे आपल्यापैकी पुष्कळांच्या ध्यानी आले नाही. माझ्याही आले नव्हते.

2003 साली नवी पेठेतील आमचे जुने घर रिकामे करावयाचे ठरले, तेव्हा माळ्यावरून पत्र्याची एक ट्रंक खाली उतरविण्यात आली. ती माझ्या वडिलांच्या थोरल्या भगिनीची होती. आम्ही सर्व भावंडे तिला फई म्हणत असू. कित्येक पिढ्यांपूर्वी गुजरातेतून सोलापुरात आलेल्या आमच्या हुमड घरांतून मराठी रुळली, तरी नात्यांची नावे बरीचशी गुजरातीच राहिली. फईचा जन्म 1914 चा. सतराव्या वर्षी तिला वैधव्य आले, ती माहेरी परतली आणि 1989 मध्ये देह ठेवीपर्यंत याच घरात राहिली. ट्रंकेत कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून, मलमलीत गुंडाळून ठेवलेली भरतकामाची 31 कामे निघाली. अर्धवट टाकलेले त्यात एकही नव्हते. चोळीखण होते, उशांचे अभ्रे होते, शास्त्राची वेष्टने होती, माळेच्या पिशव्या होत्या, लोकरीने भरलेली हंसांची जोडी होती, मॅटीच्या कापडावरील 'सुस्वागतम्' होते, आणि तीर्थंकरमातेच्या सोळा स्वप्नांचा एक मोठा पट होता.

आम्ही सर्वजण नक्षी पाहत असताना माझी मुलगी प्रत्येक काम उलटे करून पाहत होती. तिच्या लक्षात आले, की मागील बाजूस उजव्या खालच्या कोपऱ्यात प्रत्येक ठिकाणी काही बारीक टाके आहेत आणि त्यांचा पुढील नक्षीशी काही संबंध नाही. काही आडवे होते, काही उभे. आडव्याचे दहा आणि उभ्याचा एक असा हिशेब बसवून पाहिला, तेव्हा उलगडा झाला. फईने आपल्या कामांना क्रमांक दिले होते. नाव नाही, आद्याक्षर नाही, सालही नाही; केवळ क्रमांक. ट्रंकेतील शेवटचा क्रमांक 58 होता. म्हणजे किमान 27 कामे घरातून बाहेर गेली होती.

या क्रमांकांमुळे एक वेगळीच सोय झाली. एका व्यक्तीचे साठ वर्षांचे काम क्रमाने मांडता आले. आणि तसे मांडल्यावर लक्षात आले, की ही एका फईची गोष्ट नसून या शहरातील, किंबहुना महाराष्ट्रातील, घरगुती भरतकाम कोठून आले आणि कसे बदलले याचा तो एक नकाशाच आहे.

आरंभीची कामे चोळीखणांवरची आहेत आणि ती कशिद्याची, म्हणजे कन्नड मुलखात ज्यास 'कसूती' म्हणतात त्या प्रकारची आहेत. सोलापूर हे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषांचे गाव. शेजारच्या लिंगायत घरातील अक्कांकडून फईच्या आईने हे टाके घेतले आणि आईकडून ते फईला मिळाले, असे घरात सांगत. धारवाड-हुबळीच्या भागात इरकली लुगड्यांवर आणि काळ्या चंद्रकळेवर ही कला बहरली. कै म्हणजे हात आणि सूती म्हणजे सूत, यांवरून कसूती शब्द झाला असे मानतात; आपला 'कशिदा' मात्र फारसीतून आला आहे. दोन्ही शब्द कानाला इतके जवळचे, की सीमेवरच्या या गावात ते सहज एकमेकांत मिसळून गेले.

कसूतीत चार टाके मुख्य. 'गवंती' हा सरळ रेषेचा दुहेरी धावदोरा, 'मुरगी' हा पायऱ्यापायऱ्यांनी चढणारा, 'नेयगी' हा विणीसारखा दिसणारा आणि 'मेंथी' हा मेथीच्या दाण्यांची आठवण देणारा फुलीचा टाका. कापडावर आधी काहीही रेखाटावयाचे नाही. ताणाबाण्याचे धागे मोजत जावयाचे. गाठ मारावयाची नाही. गवंती आणि मुरगी नीट साधली, तर कापडाची सुलट बाजू कोणती आणि उलट कोणती हे ओळखू येत नाही. गोपुर, रथ, हत्ती, मोर, पोपट, तुळशीवृंदावन या तिच्या ठरलेल्या आकृती. फईच्या या कामांत क्रमांक शोधण्यास आम्हांस फार श्रम पडले, कारण जेथे मागील बाजूच नाही तेथे क्रमांक लपवावा कोठे? तो अखेर दुमडलेल्या शिवणीच्या आत सापडला. या गटातील सर्वांत जुने काम दुसऱ्या क्रमांकाचे आहे, आणि त्यातील हत्तीचा एक पाय तीन धाग्यांनी आखूड पडला आहे.

सातव्या-आठव्या क्रमांकापासून कामाचे रूप एकदम बदलते. कापड जाळीचे होते, धागा लोकरीचा होतो, आणि चोळीखणावरील हत्ती-रथांच्या जागी युरोपातील गुलाब, टोपलीतील फळे आणि तळ्यातील हंस येतात. ही नक्षी फईने कोठून आणली? शाळेतील शिवणाच्या वर्गातून. आणि शाळेत ती कोठून आली, हे पाहू गेल्यास थेट जर्मनीपर्यंत जावे लागते.

1804 च्या सुमारास बर्लिन शहरात फिलिप्सन नावाच्या चित्रविक्रेत्याने चौकटींच्या कागदावर भरतकामाचे रंगीत नमुने छापून विकण्यास प्रारंभ केला. एक चौकट म्हणजे एक टाका. ज्याला मोजता येते त्याला चित्र भरता येते, अशी ती युक्ती होती. 1810 मध्ये विटिख यांनी तिचा मोठा व्यापार केला. 1842 साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या मिस लँबर्ट यांच्या सुईकामाच्या पुस्तकात, 1810 ते 1840 या तीस वर्षांत असे 14,000 नमुने निघाल्याचे नमूद आहे. जाळीच्या कापडावर लोकरीने भरावयाच्या या कामाला 'बर्लिन वूल वर्क' असेच नाव पडले. इंग्रज अधिकाऱ्यांच्या स्त्रिया आणि मिशनच्या शिक्षिका यांच्याबरोबर ते हिंदुस्थानात आले. अमेरिकन मराठी मिशनने 1824 मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली. त्या मिशनच्या सिंथिया फरार 1827 मध्ये मुंबईस आल्या आणि 1839 पासून 1862 मध्ये निधन होईपर्यंत अहमदनगरला राहिल्या. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे शिक्षण त्यांच्याकडे घेतले असे सांगतात. मिशनच्या शाळांत वाचन, लेखन, अंकगणित यांच्या जोडीला शिवण आणि भरतकाम असेच. मुलीला शाळेत पाठविण्यास नाखूष असणाऱ्या पालकांना निदान हातातील काम दिसे, हा त्यामागील एक व्यावहारिक हेतू होता.

येथे एका जुन्या वादाकडे वळणे आवश्यक आहे, कारण त्याचा परिणाम आमच्या घरापर्यंत पोहोचला. 1884 साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी मंडळींच्या प्रयत्नाने मुलींचे हायस्कूल, म्हणजे हुजूरपागा, सुरू झाले. तेथे मुलांप्रमाणेच इंग्रजी, गणित, शास्त्र शिकविले जाऊ लागले, तेव्हा 1887 मध्ये लोकमान्य टिळकांच्या 'मराठा' पत्रातून त्यावर कठोर टीका झाली. मुलींना देशी भाषा, नीती आणि सुईकाम एवढे शिक्षण पुरेसे आहे, असा तिचा रोख होता. म्हणजे ज्यांना स्त्रीशिक्षण हवे होते त्यांनी शाळेची सवय लागावी म्हणून सुई पुढे केली, आणि ज्यांना ते मर्यादित ठेवावयाचे होते त्यांनी शिक्षण तेथेच थांबावे म्हणून तीच सुई पुढे केली. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन 1889 चे, महर्षी कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम 1896 चा, रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालील पुण्याचे सेवासदन 1909 चे. सेवासदनाने शिवण-भरतकामाचे वर्ग पद्धतशीर चालविले, आणि त्याचे कार्य पुढे सोलापुरातही आले. आपल्या समाजात दानवीर सेठ माणिकचंद हिराचंद यांच्या कन्या मगनबाई यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत श्राविकाश्रमाची चळवळ उभी केली. सोलापूरच्या कंकुबाई आणि ललिताबाई या त्यांच्या सहकारिणी होत्या. सोलापुरात ती परंपरा पुढे पद्मश्री पंडिता सुमतीबाई शहा यांनी मोठ्या निष्ठेने वाढविली. विधवा आणि निराधार भगिनींनी शास्त्र वाचावे, लिहावे आणि प्रसंगी आपल्या हातच्या कसबावर उभे राहावे, अशी ती दृष्टी होती.

फई मात्र कोणत्याही आश्रमात गेली नाही. मराठी चौथी झाल्यावर तिची शाळा सुटली होती. वैधव्यानंतर पुन्हा शिकण्याचा विषय घरात एकदा निघाला आणि वडीलधाऱ्यांनी तो मिटविला. 'घरी बसून भरतकाम करते आहे की, अजून काय हवे?' असे कोणीतरी म्हणाल्याचे माझ्या आईला आठवत असे. म्हणजे 1887 चा तो वाद आमच्या माडीवर 1931 मध्ये एका वाक्यात निकालात निघाला. रोझिका पार्कर या लेखिकेने 1984 साली 'द सबव्हर्सिव्ह स्टिच' या इंग्रजी ग्रंथात दाखवून दिले आहे, की ज्या भरतकामाने स्त्रीला घरात बसविले, त्याच भरतकामातून तिने आपले असे काही सांगूनही घेतले. हे विधान वाचावयास सोपे आहे. फईच्या बाबतीत त्याचा पहिला भाग मला निश्चित माहीत आहे. दुसऱ्या भागासाठी ट्रंकेकडेच पाहावे लागते.

मी फईच्या अंगावर कधी रंग पाहिला नाही. पांढरे पातळ, पांढरी चोळी, हातात काही नाही. ट्रंकेत मात्र शेंदरी, मोरपंखी, जर्द पिवळा आणि डाळिंबी या रंगांची रेलचेल होती. या विरोधाविषयी ती एक शब्दही बोलल्याचे मला आठवत नाही. आम्हां भाच्यांना कोणता रंग कोणाशेजारी ठेवावा हे मात्र ती सांगे, आणि चुकीचा रंग निवडला तर हातातून सुई काढून घेई.

आता धाग्याविषयी. आपल्या घरांतून भरतकामाच्या धाग्याला सरसकट 'रेशीम' म्हणतात. 'बाजारातून रेशमाच्या चार लड्या आण' असे फईही सांगे. वस्तुतः ते रेशीम नसे. ते सूत असे. रेशमाच्या कोशातील किड्याचा जीव जातो, म्हणून पुष्कळ जैन घरांतून, विशेषतः पूजेच्या आणि शास्त्राच्या वस्तूंसाठी, रेशीम टाळले जाई. सर्वच घरांचा असा नियम होता असे नव्हे. जुन्या मंदिरांतील जरीच्या आणि रेशमी मखमलीच्या वस्तू आपण पाहतोच. फईचा मात्र तो नियम होता. कसूती परंपरेने रेशमी धाग्याची. पण तिने तीही सुताने केली. हे तिला कसे साधले? इंग्लंडमधील जॉन मर्सर यांनी सुताला तीव्र क्षारात बुडविण्याच्या प्रक्रियेचे पेटंट 1850 मध्ये घेतले होते. 1890 च्या सुमारास होरेस लो यांनी ती प्रक्रिया सूत ताणून धरून केली, तेव्हा सुताला रेशमासारखी कायमची चकाकी येऊ लागली. फ्रान्समधील म्युलूझ येथील, 1746 मध्ये स्थापन झालेल्या डीएमसी कंपनीने हा चमकदार सुती धागा जगभर पोहोचविला. त्याच कंपनीशी संबंधित असलेल्या तेरेझ द दिल्मों यांनी 1886 मध्ये सुईकामाचा एक विश्वकोशच प्रसिद्ध केला. पुढे आपल्याकडे अँकर या नावाचा धागा घरोघरी गेला. तेव्हा मँचेस्टरकडील रसायनशास्त्रज्ञांच्या खटपटीमुळे सोलापुरातील एका श्राविकेला हिंसा न करता रेशमाची झळाळी मिळाली, असे म्हटल्यास ते अतिशयोक्त होणार नाही. रसायनशास्त्रज्ञांना याची कल्पना असण्याचे कारण नव्हते.

लोकरीविषयीही तिचा एक दंडक दिसतो. हंस, गुलाब, बैठकीच्या उशा या घरगुती कामांत लोकर आहे. मंदिरासाठी वा शास्त्रासाठी केलेल्या एकाही कामात ती नाही.

सोळा स्वप्नांचा पट हे ट्रंकेतील सर्वांत मोठे काम, क्रमांक 27. दिगंबर परंपरेप्रमाणे त्यात ऐरावत, वृषभ, सिंह, अभिषेक होत असलेली लक्ष्मी, पुष्पमाला, चंद्र, सूर्य, मत्स्ययुगुल, कलश, पद्मसरोवर, समुद्र, सिंहासन, देवविमान, नागेंद्रभवन, रत्नराशी आणि धूमरहित अग्नी अशी सोळा चित्रे चार ओळींत आहेत. श्वेतांबर परंपरेत स्वप्ने चौदा मानतात, हे वाचकांस ज्ञात आहेच. या पटाकडे समोरून पाहिल्यास रंगांत विशेष काही जाणवत नाही. मागून पाहिल्यास मात्र आठव्या स्वप्नापर्यंतचा लाल रंग अजून टवटवीत आहे आणि नवव्यापासून त्याच्या जागी विटकरी आलेला दिसतो. निळाही बदलला आहे. धुतल्यामुळे हे झाले म्हणावे, तर सारा पट एकदमच धुतला गेला असता. तो माझ्या आईवडिलांच्या 1944 मधील लग्नात भिंतीवर होता. ट्रंकेच्या तळाशी डीएमसीच्या लड्यांवरील तीन कागदी पट्ट्याही मिळाल्या. 1940 साली फ्रान्सचा पाडाव होऊन म्युलूझसह आल्सास प्रांत जर्मनीच्या ताब्यात गेला आणि महायुद्धामुळे समुद्रमार्गाने येणारा माल दुर्मीळ झाला. तेव्हा पटाचे काम युद्धापूर्वी वा युद्धाच्या आरंभी सुरू झाले, मध्येच धागा संपला आणि पुढे मिळेल त्यावर भागविले, असा माझा तर्क आहे. मत्स्ययुगुलापर्यंत एक जग होते आणि कलशापासून दुसरे.

'सुस्वागतम्' या कामाविषयी थोडे विस्ताराने सांगणे मला आवश्यक वाटते, कारण असे काम पुष्कळ घरांतून आहे आणि त्यातील बुद्धीकडे आपले लक्ष जात नाही. इंग्रजी मुळाक्षरांचे चौकटींचे नमुने छापील मिळत. युरोपात मुली अक्षरे शिकताना अशाच टाक्यांनी नमुनापट्ट्या भरीत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जेन बोस्टॉक हिने 1598 मध्ये भरलेली अशी पट्टी आहे. देवनागरीचे नमुने मात्र सहजी मिळत नसत. ते प्रत्येकीला स्वतः तयार करावे लागत. शिरोरेषा आणि काना चौकटीत सुखाने बसतात. पण 'स' चा वळसा, उकाराची शेपटी, 'स्व' हे जोडाक्षर आणि अखेरचा पाय मोडलेला 'म्' चौकटीत बसविणे म्हणजे अक्षराचे नव्याने संशोधनच. फईने ते अंकगणिताच्या चौकटींच्या वहीत आखले होते. ट्रंकेत ती पाने आहेत. 'स्व' तिने सात वेळा आखला आहे आणि सहा वेळा खोडला आहे. चौथीपर्यंत शिकलेल्या व्यक्तीचे हे काम आहे. भगवान आदिनाथांनी आपल्या कन्यांपैकी ब्राह्मीस लिपी आणि सुंदरीस अंक शिकविले, अशी कथा आपल्या पुराणांत आहे. फुलीच्या टाक्यात या दोन्ही विद्या एका सुईत येतात, एवढेच येथे नमूद करते.

चौकटींचा कागद हा सोलापूरला परका नव्हता, ही आणखी एक गोष्ट. जोसेफ जॅकार याने पत्त्यांवरील छिद्रांच्या साहाय्याने नक्षी विणणारी यंत्ररचना फ्रान्समध्ये सिद्ध केली, तीही बर्लिनच्या नमुन्यांच्याच सुमारास, 1804 मध्ये. सोलापुरी चादरीवरील मयूरपंखासारख्या नक्ष्या याच जॅकार्डच्या मागावर विणल्या जातात, आणि त्यासाठी नक्षीकार प्रथम चौकटींच्या कागदावर चित्र भरतो. एक चौकट म्हणजे ताण्याबाण्याची एक भेट. थोर पुरुषांच्या चेहऱ्यांची विणलेली भित्तिचित्रे येथे होतात, तीही याच पद्धतीने. माझ्या काकांच्या परिचयातील एका नक्षीकाराकडून फईला बाद झालेले कागद मिळत. त्या कागदांवर एका बाजूस चादरीचा काठ आहे आणि दुसऱ्या बाजूस फईने काढलेला पोपट. नक्षीकाराच्या कामाला त्या काळी मजुरी मिळे व कारखान्याच्या वहीत त्याचे नाव असे. पोपटाला दोन्ही नव्हते. कौशल्य एकच होते.

स्वातंत्र्यानंतरची कामे पाहताना काळ भराभर पुढे सरकतो. ताजमहाल, हरणांची जोडी, राधाकृष्ण, शिडाचे जहाज ही त्या काळी सर्व जातिधर्मांच्या घरांतून आढळणारी चित्रे आमच्याही घरी भरली गेली. 1930 मध्ये सुरू झालेल्या 'स्त्री' मासिकाने मराठी स्त्रीसमोर पुष्कळ नवे विषय आणले. दुपारी भरतकाम करताना एकीने मासिक वाचावे आणि इतरांनी ऐकावे, अशी बैठक आमच्या माडीवर असे. क्रमांक 55 मध्ये, महावीर निर्वाणाच्या 2500 व्या वर्षी, 1974 मध्ये सर्व संप्रदायांनी स्वीकारलेले जैन प्रतीक आहे. क्रमांक 57 हा श्रवणबेळगोळचा बाहुबली. 1981 च्या सहस्राब्दी महामस्तकाभिषेकाला जाऊन आल्यावर तिने तो भरला. तेव्हा ती सदुसष्ट वर्षांची होती. अठ्ठावन्नावे काम मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचे. त्यासाठी तिने मोठ्या चौकटींची मॅटी मागवून घेतली. त्यात केवळ स्वस्तिक आहे, आणि टाके क्वचित चुकलेले आहेत.

यानंतर यंत्रावरील भरतकाम स्वस्त झाले, तयार संच मिळू लागले, दुपारच्या बैठकी दूरदर्शनसमोर गेल्या. त्याबद्दल तक्रार करण्याचे मला कारण दिसत नाही. फईच्या नाती अभियंत्या आणि डॉक्टर झाल्या. दुपारी माडीवर कोणाला बसावे लागले नाही.

तक्रार आहे ती आपल्या विस्मरणाविषयी, आणि तीत मी स्वतःला वगळत नाही. आम्ही ट्रंकेतील काही कामे एका संग्रहालयास दाखविली. तेथील अधिकाऱ्यांनी सौजन्याने सांगितले, की कलावंताचे नाव नाही, साल नाही, आणि हे छंदाचे काम आहे. त्यांचे नियम त्यांना पाळावे लागतात. पण पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, फण्या, दौती अशा घरगुती वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि 1962 मध्ये तो संग्रह शासनास दिला, तेव्हा त्या वस्तूंवर तरी कारागिरांची नावे कोठे होती? लंडनच्या ज्या संग्रहालयाचा वर उल्लेख केला, तेथेच एलिझाबेथ पार्कर नामक मोलकरणीने 1830 च्या सुमारास लाल धाग्याने फुलीच्या टाक्यांत भरलेली स्वतःच्या दुःखाची कहाणी जपून ठेवलेली आहे. ती अक्षरे भरली गेली नसती, तर त्या मुलीविषयी आज कोणी काही बोलले नसते.

आणि संग्रहालयाला दोष देण्यापूर्वी आमच्या घरातील एक गोष्ट सांगितली पाहिजे. 1978 साली घराला रंग दिला, तेव्हा बैठकीतील एक चौकट उतरविली. काच आणि लाकूड चांगले होते, म्हणून त्यात दुसरे छापील चित्र बसविले. आतील कापडाचे काय झाले, ते कोणालाच आठवत नाही. ते मीच बाहेर काढले होते. फई तेथेच बसलेली होती आणि ती काही बोलली नाही. त्यावर क्रमांक होता का, हे पाहण्याची बुद्धी मला तेव्हा नव्हती.

गेलेल्या 27 कामांपैकी सहा आजवर सापडली. एकोणिसावे बार्शीच्या नातलगांकडे निघाले. त्यांच्या घरी ते लग्नातील अहेर म्हणून आले होते आणि अहेर देणाऱ्या पाहुण्यांचे नाव त्यांच्या स्मरणात होते, भरणारीचे नव्हते. तेहेतिसावे मुंबईत एका हार्मोनियमवर आच्छादन म्हणून पन्नास वर्षे वापरात आहे. त्याचा रंग उडाला आहे, पण टाका एकही निसटलेला नाही. त्या घरच्या मंडळींनी ते परत देऊ केले. आम्ही घेतले नाही. केवळ कोपऱ्यातील क्रमांक त्यांना दाखविला आणि फईचे नाव लिहून दिले. आणखी दोन कामे पंढरपूरला, एक पुण्यास आणि एक येथेच, आमच्या घरापासून चौथ्या इमारतीत मिळाले.

ज्या वाचक बंधुभगिनींच्या घरी नवी पेठेतून आलेले जुने भरतकाम असेल, त्यांनी कृपया ते चौकटीतून सोडवून मागील बाजूचा उजवा खालचा कोपरा पाहावा. आडवा टाका म्हणजे दहा, उभा म्हणजे एक. कसूतीचे काम असल्यास शिवणीची दुमड हलकेच उघडावी, धागा तोडू नये. पहिल्या क्रमांकाचे काम अद्याप मिळालेले नाही.